टाकीतलं पाणी आणि जत्रेचे घोडे

बायको गेली. मुलीनं मला हॉलंडमध्ये, टिलबर्गला आणलं आणि महिन्याभरात कोरोनामुळं विमानं बंद झाली. मी चौथी शिकलेला. उभा जन्म ट्रकच्या गॅरेजात एअर ब्रेक दुरुस्त करण्यात गेला. इथं मला एकच काम: मास्क लावून फिरायचं आणि कुणाच्या जवळ जायचं नाही. जवळ जायला होतं तरी कोण!

गल्लीच्या टोकाला एक जत्रावाला राहायचा. अंगणात ट्रक, ट्रकवर लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा. जत्रा बंद, म्हणून वर्षाहून जास्त ट्रक जागचा हलला नव्हता. एक दिवस दुपारी तिथून फुस्सऽऽ असा आवाज आला. मी थांबलो. बायको म्हणायची, "ह्या माणसाला दुसऱ्या गल्लीतली हवा ऐकू येते, शेजारी बसलेली बायको नाही." खरंच होतं ते. आता ऐकायला बसलोय, तर बोलणारी नाही.

जत्रावाला डोक्याला हात लावून उभा होता. मी मुलीला फोन लावला आणि त्याच्यापुढं धरला. तो डचमध्ये बरंच बोलला.

"काय म्हणतोय गं?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे! त्याचा ट्रक हलत नाही. आज जत्रा सुरू होतेय, पाचच्या आत पोचला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला देणार. मेकॅनिक परवा येईल म्हणे."

"त्याला विचार, टाकीला शेवटचं कधी मुतवलं?"

तिकडं मीटिंगमधला कुणीतरी मराठी माणूस खो खो हसला.

"बाबा! माझा माइक चालू आहे!"

यात लाजण्यासारखं काय? हवेच्या टाकीत पाणी साचतं, खालची कडी ओढून ते रोज काढायचं. आमच्या गॅरेजात सगळे त्याला हेच म्हणायचे. मुलीनं काहीतरी सभ्य शब्दांत विचारलं. जत्रावाल्यानं मान खाली घातली. म्हणजे एकदाही नाही.

चाकांखाली लाकडं लावली, इंजिन चालू केलं. हवेचा काटा चारवर अडला. सहाच्या वर गेल्याशिवाय मागचे ब्रेक सुटत नाहीत. गळती शोधायला मी हातवारे करून साबणाचं पाणी मागितलं. त्यानं जत्रेत पोरांना बक्षीस द्यायच्या साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या आणल्या, खोकंभर! ओतल्या एकेका जोडावर. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला फुगे आले. आधी लिंबाएवढे, मग कवठाएवढे, मग अंगणभर उडायला लागले. आम्ही दोन म्हातारे, मधे दीड मीटर, फुग्यांकडं बोट दाखवून हसतोय.

त्यानं चिकटपट्टी आणली.

"ब्रेकला चिकटपट्टी? मरायचंय का रे?" मी मराठीत ओरडलो. त्याला कळलं. पट्टी खिशात गेली.

इंजिन बंद केलं, हवा सोडली. गंजाचं काळं पाणी थेट माझ्या तोंडावर. मास्कचा पहिल्यांदा उपयोग झाला. व्हॉल्व्ह खोलला तर आत गंजाची खपली अडकलेली. साफ करून बसवला. इंजिन चालू केलं आणि काटा आठवर चढला.

जत्रावाला लगेच स्टिअरिंगवर. साडेतीन वाजले होते. मी ट्रकच्या पुढं उभा राहिलो. इंजिन बंद करायला लावलं, ब्रेक दाबून धरायला लावला आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं काटा बघायचा. तो घड्याळ दाखवून डचमध्ये शिव्या घालायला लागला. मी मराठीत घातल्या. माझ्या जास्त होत्या. घाईत सोडलेला ट्रक उतारावर काय करतो ते मी पाहिलंय, म्हणून हललो नाही.

काटा जागचा सरकला नाही. लाकडं काढली, दहा पावलं पुढं घेऊन ब्रेक मारायला लावला. ट्रक जागच्या जागी थांबला, वरचे घोडे खडखडले. तेव्हा कुठं मी बाजूला झालो.

निघताना त्यानं माझ्या फोनमधून मुलीचा नंबर घेतला होता. पाचला दहा कमी असताना मुलीच्या फोनवर फोटो आला. पाळणा उभा राहत होता. घाईत एक घोडा उलटा बसवलेला, शेपूट पुढं. पण जागा त्यालाच मिळाली होती.