माथ्यावरची ओळ

भोये सरांना दिनकरने फसवले. त्यांनी लिहिलेला संगणकाचा प्रोग्राम त्याने स्वतःच्या नावावर खपवला, आणि तोही त्यांच्यासमोर. सरांना ज्यांनी पाहिले नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सर खोडाळ्याकडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवत. दर रविवारी सकाळच्या एसटीने जव्हारला येत. तिथे माझा संगणक वर्ग होता, हातगाडीवर वह्या विकून उभा केलेला. मी कोणतीही वस्तू सांगितल्या भावाने घेतलेली नाही. पण रविवारची जागा सरांना घासाघीस न करता दिली. आम्ही सहा-सात जण जमायचो, दिनकर त्यांतलाच एक. प्रोग्रामच्या भाषांवरून कोणी फॉक्सप्रोची बाजू घेई, कोणी सीची. वाद पेटला की सर म्हणत, “कोयता कंचाबी असू दे, कापणी करून दाखव.”

त्यांची एक पद्धत होती. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा. लिहिणाऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही; दुसऱ्याने तो मोठ्याने वाचत टाइप करायचा. “आवणीला, भात लावायला, आपण एकमेकांच्या शेतात जातो ना? तसा करायचा. आपल्या शेतातला तण दुसऱ्याला आधी दिसतो.” मग प्रोग्रामच्या माथ्यावर दोन ओळी घालायच्या, लिहिणाऱ्याच्या नावाची आणि टाइप करणाऱ्याच्या नावाची. यंत्र त्या ओळी वाचत नाही. पण त्यांच्याशिवाय सर फ्लॉपी बाहेर जाऊ देत नसत.

आश्रमशाळेच्या हजेरीचा प्रोग्राम सरांनी लिहिला, दिनकरने टाइप केला. त्यात हजर मुलांच्या आकड्याला सरांनी ‘भात’ नाव दिले होते आणि गैरहजर मुलांच्या आकड्याला ‘नागली’, म्हणजे नाचणी. मी हसलो. “गैरहजर पोरं म्हणजे नागली? काय सर!”

“शेठ, नागली लांब माळावर असते. खाचरात दिसत नाय, म्हणून आपली नाय काय?”

आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलांची नावे त्यांनी पटावरून कधी कमी केली नाहीत.

दिनकरला ठाण्यात नोकरी लागली. दोन वर्षांनी, गटाने काम कसे करावे यावर बोलायला आम्हीच त्याला बोलावले. त्याने नमुना म्हणून तोच प्रोग्राम स्वतःचा सांगून पडद्यावर लावला. माथ्यावर दोनऐवजी एकच ओळ होती, त्याच्या नावाची.

“साहेब, गैरहजर मुलांना नागली का म्हटलंय?” एका नव्या मुलीने विचारले.

दिनकरने घसा साफ केला. “असंच. सुचलं ते नाव दिलं.”

मी ताडकन उठलो. शेजारी बसलेल्या सरांनी माझा सदरा धरून मला खाली ओढले. “बस, शेठ. पाहुणा हाय तो.”

डेपोपर्यंत मी त्यांच्याशी भांडत गेलो. ते शांतपणे म्हणाले, “प्रोग्राम चालतोय ना? त्यानं माझा नाव पुसला. पोरांची नावं तर नाय पुसली.” आणि खोडाळ्याच्या गाडीत चढले.

पुढच्या पावसाळ्यात सर तापाने गेले. दिनकरने एका माणसाबरोबर हार पाठवला. मी तो त्याच माणसाबरोबर परत पाठवला.

सरांनी त्याला माफ केले असेल. मी केलेले नाही. दिनकर, रविवारी जागा अजून तीच आहे. ती ओळ का पुसलीस, ते वहीत लिहून आण. सगळ्यांसमोर मोठ्याने मी वाचतो.