पांढऱ्या केसाची परीक्षा

परवाना मिळाला, तशी घरी रायफलची काडतुसं भरायला टरेट प्रेस, म्हणजे दांड्यानं दाबायचं हातयंत्र, घ्यावी म्हणून मी तारिहाळला जुन्या मशिनांच्या दुकानात गेलो. एक चकचकीत प्रेस मला आवडलीच. तिथं बसलेले म्हातारे फिटर उठले. स्वतःच्या डोक्यातला पांढरा केस उपटून त्यांनी तिच्या साचे बसवायच्या फिरत्या चकतीखाली ठेवला, दांडा दाबला आणि केस ओढला. तो अलगद निसटला.

"चकती वर उठतीय अण्णा. प्रत्येक काडतूस वेगळं निघंल."

कोपऱ्यातल्या ओबडधोबड प्रेसमध्ये मात्र चकती कशीही फिरवली, तरी केस तुटायचा, सुटायचा नाही. मी थक्क होऊन तीच घेतली.

निघताना तिच्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "रंग कुठला हो हिचा?"

तेव्हा कुठं मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.