भांडी न वाजणारं घर

तळेघरच्या पंचक्रोशीत समुद्राच्या बाबतीत आमच्या आतोबांना विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि तिथून समुद्र दिसत नाही ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती. आत्याचे हे यजमान नौदलाच्या पाणबुडीत नोकरी करून नव्वदच्या दशकात गावी परतले, ते पाणबुडीचा अख्खा इतिहास घेऊनच. भाजीची पाटी दिसली की त्यांचं आरमार तयार. "हा भोपळा बघा. पयली पाणबुडी अशी. आत एक मानूस, त्यानंच हातानं पंखा फिरवायचा. मंग ही काकडी, डिझेल-बॅटरीवाली. ही आमची! बॅटरी उतरली की श्वास घ्यायला वर. आन् आता हे वांगं. अणुशक्तीवर चालतंय, महिना महिना वर यायचं नाव न्हाई!" वांगं पाण्याखाली असेपर्यंत आत्याची चूल थंड राही. मी तर त्यांच्याकडे घरून जेवूनच जात असे.

पण खरी तऱ्हा पुढेच. पाणबुडीत त्यांचं काम कान लावून दूरच्या जहाजांची चाहूल घेण्याचं. खाली गेल्यावर पळीसुद्धा आपटायची नाही, हा तिथला नियम त्यांनी घरीही लावला. ताटांमध्ये फडकी, कडीला चिंधी, बोलणं कुजबुजत. लेक मात्र बापाला भीक घालत नसे. आधी पेला पडे, मग तिचं हसू ऐकू येई, मग ती दिसे. "दुश्मनाला पत्ता दिला पोरीनं!" म्हणत आतोबा कानांवर हात ठेवत.

तिचं लग्न ठरलं तेव्हा आत्यानं एवढंच मागितलं, "जलमभर मुक्यानं ऱ्हायले. आता दारात बँड वाजला पायजे." बँड नसता तर आत्या मांडवात उभी राहिली नसती, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हळदीला आतोबा मांडवात आले आणि मी प्रथमच त्यांचा मोठा आवाज ऐकला. "बोट बंदराला लागली की समदे वर येऊन आरडायचे. आज लागली. वाजवा रे!" मग ते असे नाचले की बँडवाले दमले. आत्या पदरात तोंड लपवून हसतही होती, रडतही होती.

लेक ओझरला गेली. संध्याकाळी आत्या सवयीनं ताटांमध्ये फडकी घालत होती. आतोबा म्हणाले, "वर न येनाऱ्या वांग्याचा मला लई अभिमान व्हता. काकडीच बरी व्हती गं."

"येईल की लेक दिवाळीला वर. ओझर काय समुद्रापल्याड न्हाई."

"ती फडकी काढ आदी."

आत्यानं काढली. आतोबांनी पेला उचलला, फरशीवर टाकला आणि तो घरंगळत थांबेपर्यंत कान लावून बसून राहिले.