रिकामी गाडी, भरलेली गाडी

कुठलाही काटा दिसला की अण्णा आधी तो रिकामा बघायचे. भाजीवालीने वांगी पारड्यात टाकण्याआधी ते हात आडवा धरून म्हणायचे, "थांब बाई, आधी रिकामा धर." ती काटा उचलायची, दोन्ही पारडी स्थिर होईपर्यंत अण्णा वाट बघायचे आणि मग म्हणायचे, "हं, टाक आता." अर्ध्या किलो वांग्यांसाठी हा सोहळा. मी लहानपणी बाजूला उभा राहून लाजेने जमिनीकडे बघत असे.

अण्णा म्हणजे माझे वडील. जुन्नरकडच्या एका वाडीतून ते अंबरनाथला आले आणि रंगाच्या कारखान्यात फाटकाजवळच्या वजनकाट्यावर लागले. तेथेच एकतीस वर्षे काढून निवृत्त झाले. राहायला मोरिवलीत दोन खोल्या होत्या. कारखान्यातून माल भरलेला ट्रक निघाला की आधी अण्णांच्या काट्यावर उभा राहायचा. भरलेल्या गाडीचे वजन, त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा, उरला तो निव्वळ माल. आकडा जमला की अण्णा खिडकीतून हात वर करायचे आणि फाटकावरच्या माणसाला ओरडून सांगायचे, "सोडा गाडी!"

एकदा एका बड्या अधिकाऱ्याने जास्त भरलेला ट्रक तसाच जाऊ द्यायला सांगितले. अण्णांनी गाडी अडवून ठेवली. अधिकारी तावातावाने काट्यावर आला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, मला तुम्ही कळता. काट्याला कळत नाही." ट्रकमधून अकरा पिंपे उतरवली, तेव्हा गाडी सुटली. ही गोष्ट मला अण्णांनी कधी सांगितली नाही. त्यांच्या निरोपसमारंभात त्याच अधिकाऱ्याने सांगितली.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा आम्हाला कारखान्यात जायला मिळे. गोदामातल्या पोत्यांच्या काट्याला झेंडूचा हार घातलेला असे. पूजा झाली की अण्णा घरातल्या प्रत्येकाला त्यावर उभे करायचे आणि मोठ्याने आकडा सांगायचे. वाढला असेल तर नुसते "हं." घटला असेल तर आईकडे बघून विचारायचे, "ह्याचा माल रस्त्यात कुठे सांडला?"

१९९३च्या जुलैत अण्णांच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. कर्करोग यकृतापर्यंत पोचलेला होता. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती, म्हणून मी अण्णांना मोरिवलीहून आमच्या बदलापूरच्या घरी आणले. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात धरणाच्या पातळीच्या नोंदी ठेवणे हे माझे काम. आकडा रोज थोडा थोडा खाली जाताना बघायची मला सवय होती. पण तो पाण्याचा.

केमोथेरपी उल्हासनगरच्या एका छोट्या रुग्णालयात व्हायची. सलग पाच दिवस सलाइनमधून औषध, मग तेवीस दिवस विश्रांती, की पुन्हा पाच दिवस. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले, "दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पांढऱ्या पेशी आणि वजन. आज बावन्न किलो आहेत. पंचेचाळीसच्या खाली गेले तर मी औषध थांबवणार. मग रोगाआधी औषधच माणसाला खातं."

त्या दिवसापासून पंचेचाळीस हा आकडा माझ्या डोक्यात बसला. कार्यालयात पातळी लिहिता लिहिता हात थांबायचा. औषध चालू आहे तोवर अण्णा आहेत, असे माझे सरळ गणित होते.

घरी वजनाचा काटा घ्यायचा ठरला. अण्णा स्वतः बरोबर आले. उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात जमिनीवर ठेवून वर उभे राहायचा काटा मिळाला. पुढे काचेखाली आकड्यांची तबकडी, मागे शून्य जुळवायचे दातेरी चाक. अण्णांनी शेजारच्या किराणा दुकानातून पाच किलोचे शिक्क्याचे वजन मागून आणले आणि काट्यावर ठेवले. काढले. पुन्हा ठेवले.

शेठ हसायला लागला. "काका, ये आदमी का काटा है, सोने का नहीं!"

"माणसाचा आहे म्हणून तर बघतोय, शेठ," अण्णा म्हणाले.

"अरे साईं, बीस साल से दुकान है, किसी ने इतना नहीं देखा."

"मग वीस वर्षं तुमचं नशीब चांगलं होतं."

शेठने चहा मागवला.

दर रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन व्हायचे. अण्णा खाटेवरून उठायचे, भिंतीला हात लावून काट्याजवळ यायचे आणि विचारायचे, "वसंता, शून्य बघितलंस?" मी "हो" म्हटले की मगच पाय ठेवायचे. जवळचे त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे, म्हणून आकडा मी वाचायचो. पहिल्या पाच दिवसांनंतर पन्नास. दुसऱ्या खेपेनंतर साडेअठ्ठेचाळीस. तोंड आतून सोलवटलेले, जुलाब, घास गिळताना डोळ्यांतून पाणी. माझी बायको शैला मऊ भात ताकात कालवून पेल्यातून द्यायची आणि तेही अण्णा मोजून प्यायचे, "सात घोट झाले, सूनबाई. तीन राहिले. ते संध्याकाळच्या नावावर टाका."

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. अण्णांनी शैलाकडून काट्याला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहून घेतले आणि आम्हाला एकेक करून वर उभे केले. मी एकाहत्तर भरलो. "हं," अण्णा म्हणाले. स्वतः उभे राहिले तेव्हा सत्तेचाळीस होते. तेव्हा मात्र माल कुठे सांडला हे कोणी विचारले नाही.

तिसऱ्या खेपेनंतर एका रविवारी काटा बरोबर पंचेचाळीसवर थांबला. मी वाचले, "पंचेचाळीस." अण्णा भिंत धरून खाली उतरले. मला त्या दिवशी जेवण गेले नाही. पुढची खेप तीन आठवड्यांवर होती. दुपारी अण्णांचा डोळा लागलेला असताना मी काट्यापाशी बसलो आणि मागचे दातेरी चाक फिरवले. रिकामा काटा दोन किलोंवर आणून ठेवला.

मी आयुष्यात कधी पातळीचा एक सेंटिमीटरही खोटा लिहिलेला नाही. म्हणून हे का केले ते नीट सांगतो. अण्णांनी धीर सोडू नये, असे मी स्वतःला बजावले होते. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे, की मला स्वतःला पंचेचाळीसच्या खालचा आकडा वाचायचा नव्हता.

पुढच्या रविवारी मी उत्तर तयार ठेवले होते. अण्णा आले, भिंतीला हात लावला आणि शून्याबद्दल काही न विचारता सरळ काट्यावर उभे राहिले. "साडेशेहेचाळीस," मी वाचले.

"वाढलं म्हणायचं," अण्णा म्हणाले.

त्यापुढच्या दोन्ही रविवारी तसेच झाले. शून्य विचारले नाही. थकवा आलाय, विसरले असतील, असे मला वाटले. एकतीस वर्षे जो माणूस ते विसरला नाही तो आता कसा विसरेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. मी तीनही रविवारी पोटभर जेवलो. स्वतः फिरवलेल्या काट्यावर स्वतःच विश्वास ठेवू लागलो होतो.

चौथ्या खेपेला आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. रुग्णालयातला काटा दुरुस्तीला गेला होता. डॉक्टर कागद पुढे ओढून म्हणाले, "घरी वजन करता ना? शेवटचं किती?"

"शेहेचाळीस," मी म्हणालो. शब्द बाहेर पडेपर्यंत मला कळले नव्हते की ही गोष्ट आता घराबाहेर गेली आहे.

डॉक्टर लिहायला लागले. तेवढ्यात खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. "चव्वेचाळीस."

डॉक्टरांनी मान वर केली. "नक्की किती?"

"साहेब, घरचा काटा दोन किलो पुढे आहे. वाचणाऱ्याची चूक नाही. त्याने दिसलं तेच वाचलं. तुम्ही चव्वेचाळीस लिहा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. त्यांनी आकडा खोडला, रक्ताचा अहवाल पुन्हा एकदा पाहिला आणि पेन खाली ठेवले. "दोन किलोंनी डोस फारसा बदलला नसता," ते म्हणाले. "पण पेशीही कमी आहेत आणि वजन हे असं. आज औषध देत नाही. घरी न्या. खाऊ दे काय खातील ते. मग बघू."

परतीच्या रिक्षात अंबरनाथपर्यंत मी मागे पडणारी दुकाने बघत राहिलो. मग राहवले नाही. "अण्णा, औषध बंद झालं. तुम्ही गप्प बसला असता तर आज लागलं असतं."

"गाडी सुटली असती," अण्णा म्हणाले. "पुढे पुलावर त्या जादा भाराने काय झालं असतं?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं. खाटेवरून काटा समोरच असतो, वसंता. रिकामा असून दोनावर उभा होता."

"मग तीन आठवडे बोलला का नाहीत?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. त्यांनी पोटावर हात दाबून धरला आणि धक्का ओसरल्यावर म्हणाले, "आकडा वाचून झाला की तू जेवायचास. त्याआधी दोन-दोन दिवस नुसतं ताट चिवडत होतास. म्हटलं, घरातल्या घरात आहे, जेवतोय तर जेवू दे. पण डॉक्टरच्या कागदावर कसं जाऊ देणार?"

घरी आल्यावर मी त्यांच्या देखत चाक फिरवून शून्य जुळवले. अण्णांनी खाटेवरून बघितले. "अजून केसभर," म्हणाले. मी केसभर फिरवले.

मला वाटले होते, औषध थांबले की आठवड्याभरात सगळे संपेल. तसे झाले नाही. तोंडातल्या जखमा भरून आल्या. अण्णा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. जानेवारीत पुन्हा शेहेचाळीस भरले, या वेळी खरे. डॉक्टरांनी पुढचे औषध सुरू करायचे का, ते अण्णांनाच विचारले. "नको," अण्णा म्हणाले. "आता आहे तेवढं घरी नेऊ द्या." मी वाद घातला, दोन दिवस अबोला धरला, पण त्यांचा नकार बदलला नाही. फेब्रुवारीपासून काटा पुन्हा उतरू लागला. रविवार नकोसा वाटायचा, पण आकडा मी आहे तोच वाचत होतो.

मार्चमध्ये, जाण्याच्या नऊ दिवस आधी, रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, "वजन राहिलं." त्यांना उभे राहता येत नव्हते. मी म्हटले, "राहू दे अण्णा, आज नको."

"उभं राहता येत नाही म्हणून गोदामातला माल कधी मोजायचा राहिला का? मला उचल आणि तू उभा राहा. शून्य बघितलंस?"

"बघितलं."

मी त्यांना दोन्ही हातांवर घेऊन काट्यावर चढलो. शैलाने वाकून आकडा वाचला. "एकशे तीन."

"ही भरलेली," अण्णा माझ्या खांद्याशी म्हणाले. "मला खाली ठेव. आता रिकामी आण."

मी त्यांना खाटेवर ठेवले आणि एकटा काट्यावर उभा राहिलो. "चौसष्ट," शैला म्हणाली.

"निव्वळ?"

"एकोणचाळीस, अण्णा."

मला वाटले ते आता गप्प होतील. पण ते त्या आकड्याकडे बघतच नव्हते. बोटांवर काहीतरी मोजत होते.

"खंडेनवमीला तू एकाहत्तर होतास," ते म्हणाले. "सात किलो. रस्त्यात कुठे सांडलास?"

मी काट्यावरून खाली उतरलो.

"सूनबाई, ह्याला इथेच वाढा. माझ्यासमोर."

शैलाने खाटेजवळ पाट मांडला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. घास तोंडात फिरत होता, उतरत नव्हता. अण्णा कुशीवर वळून बघत होते. पहिली भाकरी संपली. "अजून," ते म्हणाले. दुसरी संपली. तिसरीला मी नको म्हणून हात आडवा धरला, तर त्यांनी शैलाला मानेनेच खूण केली. तिसरीचा शेवटचा तुकडा मी गिळला तेव्हा अण्णांनी खाटेवरून हात वर केला, खिडकीतून करायचे तसा.

"सोडा गाडी," म्हणाले, आणि भिंतीकडे वळून झोपले.