चौथी तार

७ जुलै, मंगळवार. घरात जीव पाच.

त्यांतला सर्वांत वडील जीव म्हणजे आत्या. लघुलेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर तिने एका महाविद्यालयाचे काम धरले होते. वर्गात प्राध्यापक बोलत, तो आवाज घरी तिच्या कानांत येई आणि ती ऐकता ऐकता टाइप करी. त्याच क्षणी ते शब्द वर्गातल्या एका कर्णबधिर विद्यार्थिनीच्या पडद्यावर उमटत. दोघींची कधी भेट झाली नव्हती. तास संपला की मुलगी ‘समजलं’ एवढे लिहून पाठवी. त्यावर आत्याचा दिवस निघे.

घरातल्या राउटरला तारेच्या जागा चारच होत्या आणि संगणकही चार: भावाचा, वहिनीचा, पुतण्याचा आणि आत्याचा. आत्याचा इतका जुना की तारेवाचून चालत नसे. मग पुतण्याचे लग्न झाले आणि नवी सून आपला संगणक घेऊन आली. जागा वाढवणारा एक साधा स्विच आणला असता तर पाचही सुखाने नांदले असते. पुतण्याचा धंदाच कार्यालयांतले संगणक जोडण्याचा. तो रोज म्हणे, “उद्या आणतो.”

“तुझ्या उद्याला पाय फुटले की सांग,” आत्या म्हणे.

त्या सकाळी सुनेची मीटिंग होती आणि वायफाय सारखे तुटत होते. पुतण्याने राउटरमधली चौथी तार, आत्याची, उपटून त्या जागी सुनेच्या संगणकाची लावली. आत्याला विचारले नाही; विचारण्यासारखे काही आहे, हेच त्याच्या मनात आले नाही.

आत्या धावत बाहेर आली. “माझी तार कुणी काढली?”

“थोडा वेळ गं. तू नुसती टकटक करतेस, तुला कशाला हवंय इंटरनेट?”

“मग मी काय आत तबला वाजवते? वर्ग चालू आहे, बाबा! ती पोर तिथं कोऱ्या पडद्यापुढे बसलीय.”

सून ओशाळली, तार काढायला तिने हात पुढे केला. भावाने तिला थांबवले. “राहू दे, सूनबाई. ताई घेईल सांभाळून.”

आईबापांमागे भावाचे शिक्षण आणि पुढे या पुतण्याचे बालपण, हे सारे ताईने सांभाळूनच घेतले होते. जी व्यक्ती सदैव बाजूला सरते, तिची जागा रिकामीच आहे असे घर धरून चालते. आत्या तार ओढू शकत होती. सुनेच्या पडद्यावर तिचे वरिष्ठ बोलत होते. नव्या नोकरीतली पोर. आत्याचा हात उठला नाही.

तार परत मिळाली तेव्हा वर्ग सुटला होता. पडद्यावर ‘समजलं’ नव्हते. महाविद्यालयाने फोनवर सौजन्याने कळवले की यापुढे दुसरी सोय केली आहे.

संध्याकाळी पुतण्याने स्विच आणला. “घे आत्या, आता हव्या तेवढ्या जागा.”

“लाव तुझं काय लावायचंय ते,” ती म्हणाली आणि आपल्या संगणकावर कापड घातले.

परीक्षेपूर्वीचा तो अखेरचा तास होता. त्याच्या उत्तरार्धाचे शब्द त्या मुलीला देणे आहेत. ते अद्याप कोणी दिलेले नाहीत.