दुखलं न्हाय म्हणजे कापलंच न्हाय!

दवाखान्यात माणूस कामानं थकत नाही, किश्शांनी थकतो. एक सांगून संपवावा, तर दुसरा बाहेर बाकावर येऊन बसलेलाच!

बेळगावच्या कॅम्पात आमचा छोटासा दवाखाना होता. इंग्रज अजून जायचे होते. ऑपरेशन मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे साहेब, करत; मी त्यांचा असिस्टंट. अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या पेशंटला साहेब क्लोरोफॉर्म देत नसत. कमरेच्या हाडाजवळ सुई टोचून तिथल्या नसाच बधिर करत. माणूस टक्क जागा, आणि कापूनशिवून झाल्यावरही संध्याकाळपर्यंत वेदना नाही! क्लोरोफॉर्मनंतर ओकत, विव्हळत पडलेली माणसं मी पाहिली होती. मला त्या सुईचं फार कौतुक. पण पेशंट? त्यांनी आमचा जीव नकोसा केला!

*

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी टेबलावर होते. मध्येच मान उचलून म्हणाले, "डॉक्टर, टाकं जरा जवळ जवळ घाला की वो. एवढ्या अंतरावर आमी तंबाखूचं पोतंबी शिवत न्हाय!"

साहेबांचा हात थांबला. "मग तुम्हीच शिवता का?"

"दाभण हाय का?"

*

चिकोडीकडच्या एका आप्पांना खाटेवर आणलं, तर मुलगा माझ्यावरच उखडला. "आप्पा हसाय लागल्यात! तुमी कापलंच न्हाय!"

मी पट्टी दाखवली. ती कुणीही बांधेल म्हणाला.

"आमच्या चुलत्याचं ऑपरेशन झालतं तवा चार गल्ल्या ऐकू जाईल असा बोंबलत हुता. त्याला म्हंत्यात ऑपरेशन!"

*

एका तरण्या पेशंटला बघायला गावाकडून गाडीभर पाहुणे आले. हा आपला मजेत गप्पा मारतोय. थोरल्या आक्कानं त्याला चिमटा काढला. "कण्ह की रं जरा! एवढ्या लांबनं आल्यात, त्येंनी बघायचं काय?"

मग तो कण्हायला लागला. इतका, की साहेब हातातला चहा टाकून धावत आले!

*

मच्छे गावचा एक गडी मात्र अंगाशी आला. दुखत नाही म्हणून दुपारी उठला आणि विहिरीवर जाऊन घागर ओढली. टाके उसवले, पुन्हा शिवावं लागलं. साहेब कडाडले,

"आणखी एकानं असं केलं, तर ही सुई बंद! क्लोरोफॉर्म द्या. दुखलं की पडून तरी राहतील!"

मला रडू यायचं बाकी होतं. इतकी चांगली गोष्ट, आणि ती बंद पडणार कशामुळे, तर दुखत नाही म्हणून!

*

त्यानंतर लगेच आला जांबोटीचा एक शेतकरी. त्याची म्हैस व्यायला झाली होती. सकाळी ऑपरेशन झालं आणि खाटेवर टेकताच तो म्हणाला, "कायबी दुखंना. उन्हं कलायच्या आत वाटंला लागतो."

मी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. "अरे बाबा, आत टाके आहेत! तू उठलास तर तुझे टाके जातील आणि आमची सुईही जाईल!"

"लई चांगली सुई हाय, डॉक्टर. म्हणून तर चाललोय."

बायको कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उठली, गाठोडं बांधलं आणि "म्हशीकडं मी बघीन," एवढंच बोलून गावच्या बैलगाडीत बसून गेली.

चारच्या राउंडला मी साहेबांच्या मागून जीव मुठीत धरूनच वॉर्डात शिरलो. खाट रिकामी असणार याची खात्री होती.

गडी छातीपर्यंत पांघरूण घेऊन सरळ पडला होता. तोंड एवढंसं झालेलं.

"काय रे, दुखतंय?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय जी."

"मग गेला नाहीस?"

"कसा जाऊ? पटका घिऊन गेली की वो बायकू! बोडक्या डोईनं गावात शिरलो तर समदी इचारतील, घरात कोण मेलं म्हणून!"

 साहेब माझ्याकडे वळले.

"उद्या दोन अंतर्गळ आहेत ना? सुई मी देतो. पटके तुम्ही ताब्यात घ्या."