भिंत पडलेल्या घराचं कुलूप

मंडळी, माझं डोकं अजून सुन्न आहे.

आज सकाळी द्रोणागिरी भागात एका गोडाऊनच्या मागे एक ओसाड कौलारू घर दिसलं. दाराला कुलूप, पण मागची भिंत पडलेली. आम्ही दोघी मैत्रिणी तिथून बुटांसकट आत शिरलो. मातीच्या उंचवट्यावर उभी राहून मी रील काढत होते.

तेवढ्यात पुढचं कुलूप उघडलं! एक बाई झाडू घेऊन आत आली.

"पोरी, माझे चुलीवर उभी हाय तू."

मी टुणकन खाली उतरले. "सॉरी मावशी! पण भिंतच नाही, मग कुलूप कशाला?"

"घर उघडा टाकून कोन जातं गो?"

रील डिलीट केलं. बूट हातात घेऊन दारातून निघालो. मागे झाडूचा आवाज येत होता.

पडक्या घरांत असे फोटो, रील तुम्हीही काढले असतील. पायाखाली काय होतं, बघितलंत?